पुरे म्हणेपर्यंत

नेवेना स्तोइमेनोवा मिठाईच्या दुकानाच्या काचेशी थांबली ती केस सारखे करायला. डॅन्यूबवरून येणारा मार्चातला वारा कुणाची भीड ठेवत नाही, आणि अपंग मुलांच्या आईबापांसमोर जाताना बाईने नीटनेटकं दिसावं, निदान ही तरी मोडून पडलेली नाही एवढा दिलासा त्यांना मिळावा, हा तिचा एकोणीस वर्षांचा शिरस्ता होता. तिने काचेत पाहिलं, पण स्वतःचं डोकं दिसण्याआधी तिला आतलं दिसलं. कोपऱ्यातल्या टेबलाशी चाकाच्या खुर्चीत बिल्याना बसली होती, आठ वर्षांची, पाय पट्ट्यात अडकवलेले, केस दोन वेण्यांत घट्ट बांधलेले. तिची आई त्वेता गल्ल्यापाशी पाठमोरी उभी राहून कॉफीची वाट पाहत होती. मुलीपुढे दालचिनी भुरभुरलेल्या तांदळाच्या खिरीची वाटी होती. मुलीने आईच्या पाठीकडे नीट पाहून घेतलं. मग डावा हात, ज्याच्या मनगटावर सगळ्या गावाच्या मनगटांवर असतो तसा मार्चचा लाल-पांढरा दोरा होता तो हात, मांडीवरून उचलला, चमचा मुठीत धरला आणि खिरीचे दोन घास खाल्ले. घाईघाईने, पण वाटीबाहेर न सांडता. हनुवटीवर ओघळलेलं तिने मनगटाने पुसलं. चमचा जसा होता तसा, दांडा आईच्या खुर्चीकडे करून, वाटीत ठेवला. हात मांडीवर परत नेला आणि मान डावीकडे कलंडू दिली. त्वेता कॉफी घेऊन आली, बसली, चमचा उचलला आणि मुलीला भरवू लागली.

नेवेनाचा हात केसांतच राहिला. तिला आधी वाटलं, दुसरीच मुलगी असेल. मग वाटलं, काचेचा खेळ असेल, दुपारच्या उन्हात काच काय वाटेल ते दाखवते. पण दोन वेण्या तिच्याच होत्या आणि डाव्या हाताच्या अंगठ्यावरचा तो जुना भाजल्याचा डागही तिने पाहिला होता. सात आठवडे या हातासाठी रडारड चालली होती. जानेवारीपर्यंत स्वतःच्या हाताने जेवणारी, तीन मोठी बटणं स्वतः लावणारी, पंधरा-वीस शब्द आपल्या पद्धतीने बोलणारी मुलगी एका दिवसात बंद पडली होती. हात नाही, शब्द नाही. त्वेता तिला मेंदूच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली, डोक्याला तारा लावून कागदावर रेघा काढून आणल्या, रेघा ठीक होत्या. चर्चमध्ये मेणबत्त्या लावून झाल्या. सासूने शेजारच्या गावातल्या म्हातारीकडून शिसं वितळवून उतारा करून आणला. आणि पंधरवड्यापूर्वी शाळेच्या मंडळासमोर, पांढरी कॉलर आणि नवे बूट घातलेली ही मुलगी समोर ठेवलेल्या चमच्याकडे, पेन्सिलीकडे, लाल चेंडूकडे पाहत निर्जीव बसून राहिली. मंडळाने लिहून दिलं की मूल शाळेत शिकण्यास असमर्थ आहे, त्याला दोन तासांवरच्या निवासी केंद्रात ठेवावं, रविवारी सोडावं, शुक्रवारी न्यावं. त्या निर्णयाविरुद्ध अर्ज करायची मुदत उद्या संपत होती. अर्ज नेवेनाच्या पिशवीत होता. फक्त त्वेताची सही राहिली होती. मूल त्या दिवशी तापाने फणफणलं होतं, असं नेवेनाने त्यात ठोकून दिलं होतं.

सही दुकानात घ्यायचं कारण लिफ्ट. नेवेनाची संस्था, अपंग मुलांच्या आईबापांना कचेऱ्यांच्या जंगलातून वाट दाखवणारी, तिसऱ्या मजल्यावर होती, आणि फेब्रुवारीत लिफ्टने राम म्हटला होता. तेव्हापासून चाकाच्या खुर्चीवाली कुटुंबं खाली मिठाईच्या दुकानात भेटत. दुकानवाली पेन्का रोज टोमणा मारायची की सरकारने तुम्हाला वर बसवलंय ते मुद्दाम, म्हणजे तुमच्याकडे फक्त धडधाकट माणसंच येतील. यावर नेवेना दरवेळी हसायची. आज काचेबाहेर उभं राहून तिला तो टोमणा आठवला आणि तोंड कडू झालं. फुलांच्या टपरीवाली म्हातारी तिला काहीतरी विचारत होती, थंडी वाजत नाही का असं काहीतरी. नेवेनाने मान हलवली. हो की नाही ते तिचं तिलाही कळलं नाही.

मुलगी सोंग करतेय. हे वाक्य तिच्या मनात आलं आणि लगेच त्याची लाज वाटली, कारण सोंग ही गोष्ट तिच्या धंद्यातली होती. फक्त त्याला तिथे सोंग म्हणत नसत, ‘वाईट दिवस’ म्हणत. मोठं मंडळ, जे अपंगत्वाचे टक्के ठरवतं आणि त्या टक्क्यांवर घरात येणारा भत्ता ठरतो, त्याच्यासमोर मुलाचा वाईटातला वाईट दिवस न्यायचा. केस विंचरायचे नाहीत. कालचाच स्वेटर. दुपारची झोप मोडायची. स्वतः जेवते का, नाही. सांगते का, नाही. ओळखते का, नेहमी नाही. हे नेवेनाने शोधून काढलेलं नव्हतं, ते तिच्या आधीपासून गावात होतं, आया एकमेकींना दवाखान्याच्या बाकांवर शिकवत आल्या होत्या. नेवेनाने फक्त ते नीट बसवलं, तालीम घेऊन, पाठ करवून. तिच्या हाताखालून गेलेल्या एकाही कुटुंबाचे टक्के कमी आले नव्हते आणि याचा तिला अभिमान होता, तो कशाला नाकारायचा. मग उलटी तालीम. टक्क्यांचा कागद हातात आला की शाळेचं मंडळ, त्याच इमारतीत, जिन्याच्या पलीकडच्या दाराआड, आणि तिथे चांगल्यातला चांगला दिवस न्यायचा. एका दाराला मूल काहीच करू शकत नाही असं हवं असे आणि दुसऱ्याला सगळं करू शकतं असं. ती नव्या आयांना हसत सांगायची की बाई गं, देवानेसुद्धा एवढी दोन तोंडं कुणाला दिली नाहीत, ती आपण कमवायची. आया हसायच्या. त्यांना हसताना पाहून तिला बरं वाटायचं.

त्या जानेवारीतल्या तालमीला त्वेताने मुलीला बरोबर आणलं होतं, कारण घरी ठेवायला कुणी नव्हतं. लिफ्ट तेव्हा चालू होती. खोली लहान, म्हणून खुर्ची कोटांच्या खुंट्यांखाली लावली आणि मुलीच्या डोक्यावर ओल्या कोटांच्या बाह्या लोंबत राहिल्या. त्या खुंट्यांच्या वर एक चित्र होतं, नेवेनाने स्वतः छापून घेतलेलं, कानाचं मोठं चित्र आणि खाली अक्षरं: मूल सगळं ऐकतं. शिबिरात ती याच वाक्याने सुरुवात करायची. त्या चित्राखाली बसवलेल्या मुलीकडे तिने त्या दिवशी एकदा पाहिलं असेल. हो, एकदा. म्हणाली होती, काय गुणी आहे, मुळीच त्रास देत नाही. आणि मग तालमीत नेवेना डॉक्टर झाली. आवाज मऊ केला, पेन्सिल पुढे धरली, घे बाळ, घे माझ्या सोन्या. त्वेता खुदखुदली. नेवेनाने पेन्सिल टेबलावर आपटली आणि काय म्हणाली ते आता, काचेबाहेर, तिला जसंच्या तसं ऐकू आलं, स्वतःच्या त्या ठणठणीत, अनुभवी आवाजात.

“हसू नकोस, त्वेता. डॉक्टर असंच गोड बोलणार. आणि तूसुद्धा तिथे विरघळशील, ‘घे गं राणी, दाखव काकांना’ म्हणशील. सगळ्या आया म्हणतात. म्हटलंस की संपलं. तू म्हण, डॉक्टर म्हणो, देव खाली उतरून म्हणो, तिने त्या चमच्याला हात लावायचा नाही. घरीसुद्धा भरवायचं, ते कधीही न सांगता बघायला येतात. मी पुरे म्हणेपर्यंत. नाहीतर टक्के गेले, तू परत शिवणाच्या कारखान्यात, आणि हिला कुठेतरी नेऊन ठेवावं लागेल.”

हिला कुठेतरी नेऊन ठेवावं लागेल. नेवेनाने काचेला हात टेकला. काच थंडगार होती. हे ती प्रत्येक आईला म्हणायची, आई घाबरावी म्हणून, घाबरलेली आई तालीम नीट करते. ती आईशी बोलत होती. खुंट्यांखालच्या मुलीशी कोण बोलत होतं? कुणीच नाही. पहिल्या मंडळासमोर मुलीने बोट हलवलं नाही तेव्हा दोघींना केवढं हायसं वाटलं होतं. बाहेर पायऱ्यांवर नेवेना म्हणाली होती, नशीब बघ, आज हिचा दिवसच नव्हता. आणि पिशवीतून चॉकलेट काढून दिलं होतं. आईच्या हातात दिलं होतं. पाच आठवड्यांनी टक्क्यांचा कागद आला, त्वेताने फोन केला, नेवेनाने अभिनंदन केलं आणि म्हणाली, चला, आता उलटं, आता सगळं दाखवायचं. हेही फोनवर, आईला. त्वेताने मुलीला नवे बूट घातले, वेण्या घातल्या, मंडळासमोर म्हणाली, घे गं राणी, दाखव काकांना. अगदी तेच शब्द. म्हणजे जे म्हटल्यावर घ्यायचं नाही असं ठरलं होतं, तेच. मुलीने घेतलं नाही. तिने ठरलेलं पाळलं. सगळ्या खोलीत ठरलेलं पाळणारी ती एकटीच होती.

नेवेनाला एकदम खूप भीती वाटली. अपराधीपणाची तिला सवय होती, या कामात तो कोटासारखा रोज अंगावर चढवावा लागतो. ही भीती वेगळी होती. एवढंसं मूल सात आठवडे भूक, कंटाळा, आईचं रडणं, डोक्याला लावलेल्या तारा, वितळलेलं शिसं, सगळं सोसत एक शब्द पाळत होतं, आणि तो शब्द नेवेनाने सहज बोलून टाकला होता. आई रात्री रडताना त्या मुलीने काय केलं असेल? तोंड उघडून सांगितलं असतं तर आईचं रडणं थांबलं असतं, पण आईला कारखान्यात जावं लागलं असतं. एवढा हिशोब त्या कलंडलेल्या मानेत रोज चालला असेल, आणि तिने तो बरोबर मांडला होता. चुकीचं गणित नेवेनाने घातलं होतं.

आणि तेव्हा, कशाचा काही संबंध नसताना, तिच्या उजव्या तळहाताला तीन थापा जाणवल्या. दोन हळू, एक जोरात. तिने हात झटकला. फुलवाली म्हातारी टपरीतून बघत होती. तीन थापा तिच्या भावाच्या होत्या. ल्यूबेनच्या. त्याची आठवण ती कामाच्या वेळी येऊ देत नसे. आपण या कामात का आलो असं कुणी विचारलं तर ती सांगायची, जाहिरात होती, पगार वेळेवर होता. ल्यूबेन तिच्याहून दोन वर्षांनी मोठा. पाय नव्हतेच म्हणा, हात अर्धेच चालायचे, बोलणं घरच्यांपुरतं. ती दोघं एका पलंगावर झोपत, आणि दिवा मालवल्यावर तो तिच्या तळहातावर थापा मारायचा, दोन हळू, एक जोरात, आणि तिने तशाच परत द्यायच्या. याच्यावर ती दोघं पोट दुखेपर्यंत हसत. मग डॉक्टर आले, एकदा, दोनदा, बापाच्या कारखान्याच्या कमिटीतला माणूस आला, सगळे हेच सांगत होते की तरुण आहात, दुसरी मुलगी चांगली आहे, याला सरकार सांभाळेल. बापाने सही केली. आईने ल्यूबेनला न्हाऊ घातलं, तांबडा स्वेटर घातला, आणि बसमध्ये त्याला मांडीवर घेऊन सगळी वाट त्याच्या कानाशी एकच सांगत राहिली. नेवेना खिडकीशी होती, सहा वर्षांची, तिने ऐकलं होतं. तिथे शहाण्यासारखं राहायचं. रडायचं नाही. काही मागायचं नाही. कुणाला त्रास द्यायचा नाही. मी न्यायला येईन तोवर.

वसंतात ते भेटायला गेले. लांब खोली, दोन्ही बाजूंना पांढरे पलंग, उकळलेल्या कोबीचा आणि क्लोरीनचा वास. ल्यूबेन भिंतीकडे तोंड करून पडला होता. आईने हाक मारली, त्याने पाहिलं नाही. आईने घरून आणलेली पोगाचा, त्याला आवडायची ती गोल रोटी, तोंडाशी नेली, त्याने तोंड उघडलं नाही. दाई म्हणाली की हा आमचा सगळ्यात चांगला, याचा काडीचा त्रास नाही, याच्या आत कुणी नाहीच, बाई. आई कोलमडली. दाई तिला बाहेर पॅसेजमध्ये पाणी प्यायला घेऊन गेली. खोलीत नेवेना एकटी राहिली. तेव्हा पांघरुणाखालून हात आला आणि तिच्या तळहातावर थापा पडल्या. दोन हळू, एक जोरात. पॅसेजमध्ये पावलं वाजली तसा हात आत गेला. परतताना बसमध्ये तिने आईला सांगितलं. आई म्हणाली, तुला भास झाला गं, त्याला आता आपण आठवत नाही. आईने ते इतकं थकून म्हटलं होतं की नेवेनाने ते खरं धरलं. पुढे भेटी कमी झाल्या, भेटून काय करायचं, तो ओळखत नव्हता. अकराव्या वर्षी न्यूमोनियाने गेला. जवळजवळ पन्नास वर्षं नेवेना त्या थापांना भास म्हणत आली होती, कारण आईने तसं म्हटलं होतं आणि कारण तसं म्हणणं सोपं होतं.

तो विसरला नव्हता. तो शहाण्यासारखा राहिला होता. रडला नाही, मागितलं नाही, त्रास दिला नाही, आई न्यायला येईल तोवर. आणि आई आली होती. समोर उभी होती, रोटी घेऊन. पण न्यायला आली नव्हती, आणि त्याला ते कळलं होतं. म्हणून त्याने आपलं काम चालू ठेवलं. पुरे, झालं, आता बोल, असं त्याला कुणीच सांगितलं नाही. तीन वर्षं तो वाट बघत राहिला असेल का? की मधेच केव्हातरी दाई म्हणाली ते खरं होऊन गेलं असेल? ती दुकानाच्या पायरीवर, बर्फाचं चिखलपाणी साचलं होतं तिथेच, कोटासकट बसली. मग उठली, कारण आत त्वेता घड्याळ बघत होती, आणि अर्जाची मुदत उद्या होती, आणि या मुलीची आई अजून समोर बसलेली होती.

दुकानात उबदार गोड वास होता. पेन्का गल्ल्यामागून म्हणाली, नेवे, तुझा कोट बघ, नदीतून आलीस का. त्वेता अर्धी उठली. तिचे डोळे सुजलेले होते, पण ओठांना रंग लावलेला होता.

“ताई, कुठे सही करू? मला चारच्या ट्रॉलीबसने परत जायचंय, सासूबाई एकट्या आहेत.”

“थांब जरा,” नेवेना म्हणाली, आणि त्वेताच्या शेजारची खुर्ची सोडून मुलीसमोर जमिनीवर गुडघे टेकले. गुडघे कटकन वाजले. इतक्या वर्षांत ती किती मुलांच्या खुर्च्यांशी अशी बसली असेल, फोटोसाठी, पाहुण्यांसाठी. बिल्यानाची मान कलंडलेली होती. ओठांच्या कडेला दालचिनी होती. एवढी बोलकी बाई, मंत्रालयातल्या साहेबांची बोबडी वळवलेली, आणि आठ वर्षांच्या पोरीपुढे ती एकेक शब्द निवडू लागली.

“बिल्याना,” ती म्हणाली, “मी जानेवारीत वर तुझ्या आईला काहीतरी सांगत होते. तू ऐकलंस. मी तुझ्याशी बोलले नाही, ते माझं चुकलं. आता पुरे. तुला कुणी कुठे नेऊन ठेवू नये म्हणूनच मी आलेय. तू आता सगळं केलंस तरी चालेल. पुरे.”

मुलगी हलली नाही. त्वेता हळू आवाजात म्हणाली की ताई, हे काय चाललंय, लोक बघताहेत. नेवेनाने मागे न बघता सांगितलं. काचेतून काय पाहिलं ते, तालमीत काय बोलली होती ते, सगळं, पुरे म्हणेपर्यंतसकट. मागे एकदा कॉफीचा कप बशीवर टेकला. मग त्वेता म्हणाली की नाही, शक्य नाही, मी हिची आई आहे, मला कळलं असतं. ती हे रागाने म्हणत नव्हती, आपल्यालाच समजावत होती. मग म्हणाली:

“मी रोज रडत होते हिच्यासमोर. रोज. ही बघत होती.”

बिल्यानाने मान सरळ केली. एकदम नाही, तिच्या मानेला वेळ लागतो, ती थरथरत मधोमध येते आणि मग थांबते. तिने आईकडे पाहिलं. मग नेवेनाकडे, बराच वेळ, जणू या बाईवर आता विश्वास ठेवावा की नाही हे ठरवत होती, आणि तसा विचार करायचा तिला पूर्ण हक्क होता. मग तिचं तोंड उघडलं. सात आठवडे न वापरलेला आवाज घोगरा, तुटका निघाला. दोन-तीन शब्द होते, वर चढत गेलेले. नेवेनाला एकही कळला नाही. तिने त्वेताकडे वळून पाहिलं. त्वेताने दोन्ही हात तोंडावर घट्ट दाबून धरले होते.

“काय म्हणाली?”

त्वेताने हात काढले.

“विचारतेय, मी नीट केलं का.”

नेवेनाला रडू आलं, सगळ्यांसमोर, दुकानात, डोळ्यानाकाचं पाणी एक करून. पण मुलगी उत्तराची वाट बघत होती आणि तिला आणखी वाट बघायला लावणं आता कुणाच्याच हक्कात नव्हतं.

“नीट केलंस,” ती म्हणाली. “आम्हा सगळ्यांपेक्षा नीट केलंस. चूक माझी होती.”

बिल्यानाने ते ऐकलं आणि एवढ्यावर ते मिटवून टाकलं, मोठी माणसं करतात तसा बाऊ केला नाही. डावा हात उचलला. चमच्याचा दांडा आईकडे होता, तो तिने मनगटाने फिरवून आपल्याकडे घेतला आणि खायला लागली. खीर गार झाली होती. आईचे हात तिला पुसायला आपोआप पुढे गेले, अर्ध्यावर थांबले, आणि कुठे ठेवावेत ते न कळून टेबलावर पडून राहिले.

नेवेनाने पिशवीतून अर्ज काढला, तापाची ओळ खोडली आणि वर लिहिलं की मंडळासमोर हातपाय हलवू नयेत असं मुलीच्या कानावर सल्लागाराने घातलं होतं, मुलीने ते धरून ठेवलंय याची आईला कल्पना नव्हती. खाली स्वतःचं नाव घातलं. हे जिन्याच्या त्या पहिल्या दारापर्यंत, टक्के ठरवणाऱ्या मंडळापर्यंत जाईल, एकोणीस वर्षांच्या सगळ्या वाईट दिवसांवर शिंतोडे उडतील, त्वेताचे टक्केही पुन्हा तपासायला घेतील कदाचित. हे तिने त्वेताला लपवाछपवी न करता सांगितलं. त्वेताने मुलीच्या हाताकडे बघत ते ऐकलं आणि पेन मागितलं. सही करायला कागद पुढे ओढला, आणि थांबली.

“पण त्यांच्यासमोर पुन्हा जावं लागेल ना हिला? आणि ही तिथे...”

“ते मला ठाऊक नाही,” नेवेना म्हणाली. “आधी हिला विचारू.”

ती मुलीकडे वळली आणि विचारलं की त्या काकांसमोर पुन्हा जाशील का, तुझ्या मनाने, तुला हवं ते करायला, आणि नको असेल तर तसं सांग. बिल्यानाच्या तोंडात घास होता. तिने डोळ्यांनीच थांबायला सांगितलं आणि सावकाश चावत राहिली. चारची ट्रॉलीबस दारावरून गेली. दोघी बाया, एक पेन हातात धरून आणि एक अजून जमिनीवर, तिचा घास संपायची वाट बघत बसल्या.